मधलं बेट

“आणि ते परत आले तर?”

अक्कांनी हे विचारलं तेव्हा त्या दर्भाच्या वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात मधल्या बेटात, गवताच्या दाट झुबक्यात, कोपरापर्यंत शिरले होते. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, कावेरी. आमचे सासरे काठावर पाट टाकून पूर्वेकडे तोंड करून बसले होते. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड कुठे आहे एवढंच त्यांना कळायचं. त्यामुळे मंत्र त्यांनी म्हणायचा आणि दर्भ अक्कांनी उपटायचा, अशी वाटणी होऊन गेली होती. बाईमाणसाने दर्भ उपटू नये असं गावातले दोन-चार जण म्हणत. पण म्हणणाऱ्यांपैकी कुणी भल्या सकाळी चिखलात उतरून स्वतःची बोटं कापून घ्यायला आल्याचं मला आठवत नाही.

पिठोरी अमावास्या होती. या एका दिवशी उपटलेला दर्भ वर्षभर चालतो, म्हणून गोदाकाठच्या सगळ्या भटजी मंडळींची बेगमी आमच्या वाफ्यातून व्हायची. विळा नाही, खुरपं नाही, लोखंड लावायचंच नाही. लाकडी खुंटीने माती सैल करायची आणि हाताने मुळासकट ओढायचं. ओढायचे ते बेटाच्या कडेचे ठोंब; गाभा ठेवायचा. गाभा राहिला की बेट पुन्हा फुटतं, चार महिन्यांत मागमूस राहत नाही. त्या दिवशी अक्का मधल्या बेटाचा गाभाच काढत होत्या.

मामंजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. “कोण परत आलं तर?”

“तुम्हाला ठाऊक आहे कोण.”

मामंजींनी उपरण्याने तोंड पुसलं. “शास्त्रात त्याचीही सोय आहे. क्रियाकर्म झालेला माणूस जिवंत परत आला, तर त्याला पुन्हा जन्म द्यायचा. तुपाने न्हाऊ घालायचं. जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. आणि मग त्याचं त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.”

“पुन्हा जन्म,” अक्का म्हणाल्या.

“हो. नवा जन्म.”

अक्कांनी बेटाला हिसका दिला. मुळं तुटल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला. मी टोपली धरून उभी होते, आणि माझ्या पोटात तिसरं होतं.

हे सगळं त्या तिसऱ्यासाठीच चाललं होतं. माझी पहिली दोन मुलं बारशापर्यंतही पोचली नव्हती. एक जन्मलं तेव्हा रडलंच नाही. दुसरं रडलं, दूध प्यायलं, मला वाटलं आता सुटले. सातव्या दिवशी निळं पडलं. मामंजींनी पंचांग मांडलं, पैठणच्या एका शास्त्र्यांना विचारलं आणि निदान ठरलं. माझे थोरले दीर, नरहरी, घरातून निघून गेल्याला बारा वर्षं झाली होती. ते वारले असणार, आणि त्यांची क्रिया झालेली नसल्याने त्यांना गती नव्हती. घरात येऊ पाहणारा जीव ते दारातच अडवत होते.

मी नरहरींना कधी पाहिलं नव्हतं. माझं लग्न झालं ते त्यानंतर खूप वर्षांनी. एवढं ऐकलं होतं की त्यांनी एकदा भलत्याच दिवशी उपटलेला दर्भ अमावास्येचा म्हणून यजमानाला दिला. मामंजींना ते कळलं आणि भर घाटावर, दहा माणसांत, त्यांनी पंचविशीतल्या मुलाच्या थोबाडीत मारली. नरहरी तसेच ओल्या पंचाने चालते झाले. कुणी म्हणे गोसाव्यांबरोबर गेले, कुणी म्हणे नर्मदेला गेले. मधल्या काळात दोनदा नदीला मोठा पूर आला, आणि पुराबरोबर अफवाही आल्या.

अक्कांचा मात्र हेका एकच. “ते आहेत.” रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावायचं, हिरव्या बांगड्या भरायच्या आणि वाफ्यावर जायचं. तो वाफा नरहरींनी लावलेला. मधलं बेट तर त्यांनी मुंजीच्या वर्षी नदीपलीकडून ठोंब आणून रोवलेलं. अक्का त्याचं जे करत ते पोटच्या पोराचं कुणी करणार नाही. चैत्रात वाळलेली पात बोटांनी विंचरून काढायची. उन्हाळाभर कळशीने पाणी घालायचं. शेळ्या शिरू नयेत म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण. शेण घालायचं नाही, उष्टं पाणी पडू द्यायचं नाही. बेट फार दाटलं की पावसाच्या तोंडाला फोडून ठोंब वेगळे लावायचे. त्यांच्या बोटांवर बारीक चिरांचं जाळं होतं. दर्भाची कड पात्यासारखी कापते. मी एकदा चेष्टेने म्हटलं होतं, “अक्का, तुमचा संसार या गवताशीच झालाय.” त्या हसून म्हणाल्या होत्या, “गवत निदान जागच्या जागी असतं.”

क्रिया करायची म्हटल्यावर याच अक्का पहिल्या दोन वेळा वाघिणीसारख्या उठल्या होत्या. माझ्यासमोर मामंजींना म्हणाल्या होत्या, “माझं कुंकू पुसायला तुम्हाला पुरावा लागत नाही का?” तिसऱ्या वेळी त्यांना कुणी काही विचारलंच नाही. मला दिवस राहिल्याचं कळलं त्या संध्याकाळी त्या आपण होऊन ओटीवर गेल्या आणि म्हणाल्या, “करा काय करायचं ते. दर्भ मी काढून देईन.” मी आत कणीक मळत होते. माझे हात तिथेच थांबले. त्यांचे पाय धरावेत असं वाटलं आणि नको म्हणावं असंही वाटलं. दोन्ही झालं नाही.

प्रेताच्या जागी जाळायचा पुतळा घरीच बांधला. पळसाची पानं, डोक्याला नारळ आणि सगळं आवळायला मधल्या बेटाचा दर्भ. बांधत होते माझे यजमान, वामन. अक्का दारातून बघत होत्या.

“उंच झालं,” त्या एकदम म्हणाल्या. “ते माझ्याहून चारच बोटं उंच आहेत. आणि खांद्याला एवढे रुंद नाहीत.”

वामनांनी मुकाट्याने सोडून पुन्हा बांधलं. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. तिसऱ्या प्रहरी घाटावर पुतळा पेटला. घरी शेजारच्या बायकांनी अक्कांच्या बांगड्या फोडल्या. अक्कांनी स्वतःच हात पुढे केले, आणि कुंकू पुसायला कुणी पुढे होण्याआधी पदराच्या टोकाने स्वतःच पुसून टाकलं.

फाल्गुनात मला मुलगा झाला. रडला, प्यायला, सातवा दिवस गेला, बारावा गेला. तेराव्या दिवशी मामंजी पाळण्यापाशी आले, चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “नरहरीच आला.” गेलेल्या माणसाचं नाव घरात ठेवतातच. बाळाचं नाव नरहरी ठेवलं. आम्ही नरू म्हणायचो, अक्का मात्र पूर्ण नाव घ्यायच्या. बारा वर्षांत त्यांनी नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. आता दिवसातून शंभरदा तोंडात तेच. “नरहरी, दूध पी. नरहरी, झोप बघू.” बाळ त्यांच्या खांद्यावरून उतरायचं नाही. मला फक्त पाजायला मिळायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. ते जिवंत होतं, कुणाच्याही खांद्यावर का असेना.

पुढच्या वर्षीची पिठोरी आली. सकाळी अक्कांनी नेहमीसारखा दर्भ काढला. वाफ्याच्या मधोमध जुन्या बेटाची जागा मोकळीच होती. तिथे त्यांनी दुसरा ठोंब लावला नव्हता. वामन वैजापूरला एका यजमानाकडे गेले होते. त्याच दिवशी पोळा असतो, त्यामुळे दिवेलागणीला सगळं गाव मारुतीपुढे बैल बघायला लोटलेलं. हलगी आमच्या माजघरापर्यंत ऐकू येत होती.

मी पिठोरीची पूजा केली. मुलांच्या आयुष्यासाठी करतात ही पूजा. शेवटी आईने खीरपुरीचं ताट डोक्यावर धरायचं, मागे न बघता विचारायचं, “अतीत कोण?” अतीत म्हणजे दाराशी आलेला पाहुणा. मागे उभ्या असलेल्या मुलाने आपलं नाव सांगायचं आणि ताट घ्यायचं. माझं मूल सहा महिन्यांचं. म्हणून अक्कांनी त्याला घेऊन मागे उभं राहायचं आणि त्याच्या वतीने त्यांनीच बोलायचं असं मी ठरवलं होतं. विधवेने कशाला, असं शेजारच्या काकू कुजबुजल्या. मी म्हटलं, “तुम्हाला चालत नसेल तर तुम्ही बैल बघायला जा.” त्या गेल्या.

देवाकडे तोंड करून मी ताट डोक्यावर धरलं. “अतीत कोण?”

“मी नरहरी.”

आवाज बसका, घोगरा. मला वाटलं, अक्का बाळासाठी आवाज काढून दाखवतायत. मी हसू दाबत वळले.

दारात एक माणूस उभा होता. दाढी छातीपर्यंत, अंगावर मळका पंचा, खांद्यांची हाडं वर आलेली. काठीवर सगळा भार. अक्का त्याच्या आणि माझ्या मध्ये, खांद्यावर बाळ, तोंड त्याच्याकडे.

“तात्या,” तो मामंजींकडे बघून म्हणाला, “मी नरहरी.”

मामंजी झोपाळ्यावर बसले होते. झोपाळ्याची कडी वाजायची थांबली.

तो माणूस अक्कांच्या मोकळ्या कपाळाकडे बघत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलावं तसा म्हणाला, “वाफ्यावरून आलो. मधलं बेट दिसलं नाही. मी लावलेलं. जळालं का?”

ते बेट कुठे जळलं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मग त्याला खोकल्याची उबळ आली. पंचाचं टोक तोंडावर धरलं, ते लाल झालं. “फार दिवस उरले नाहीत, तात्या,” तो म्हणाला. “परक्या मुलखात नको वाटलं. घरी मरावं म्हणून आलो.”

मामंजी उठले. भिंत चाचपडत दोन पावलं आले आणि थांबले. “कावेरी,” ते म्हणाले, “मला दिसत नाही. तू बघ. बघून सांग. तू म्हणशील ते खरं.”

अक्कांनी बाळ माझ्याकडे दिलं नाही. एका हाताने कोनाड्यातला कंदील उचलला आणि त्या माणसाच्या तोंडाजवळ नेला. पुष्कळ वेळ बघितलं. कपाळ, डोळे, कान. त्याने डोळे मिटून घेतले. आईने तोंड पुसायला धरलेल्या मुलासारखा तो उभा राहिला होता.

“नाही, मामंजी,” अक्का म्हणाल्या. “हे ते नव्हेत.”

“कावेरी,” तो म्हणाला.

“या घरात नरहरी एकच आहे. तो माझ्या खांद्यावर आहे.”

तेव्हा त्याने बाळाकडे बघितलं. बाळाने, बाळं करतात तसा, दाढी धरायला हात पुढे केला. अक्का झटकन वळल्या आणि बाळाला त्याच्यापासून आड केलं. हे बघितल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं सगळं विझलं. तो रागावला नाही. “बरोबर आहे,” एवढंच म्हणाला. “घर चुकलं माझं.”

दारी आलेला अतीत, अमावास्येचा दिवस. मला काही सुचेना, मी ताट त्याच्यापुढे धरलं. अक्का ओरडल्या, “ते नको! ते बाळाचं आहे!” त्यांचा चढलेला आवाज मी त्या घरात त्यापूर्वी फक्त क्रियेच्या वादात ऐकला होता. त्या स्वैपाकघरात गेल्या, पानावर दोन पुरणपोळ्या घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर ठेवल्या. त्याने त्या वाकून उचलल्या, पंचात बांधल्या आणि घाटाच्या पायऱ्यांकडे गेला.

“गेला?” मामंजींनी विचारलं.

“गेले.”

“दिसायला कसा होता?”

“आजारी होते,” अक्का म्हणाल्या आणि कंदील जागेवर ठेवला.

मी त्यांच्या मागोमाग स्वैपाकघरात गेले. त्या चुलीपुढे बसल्या होत्या, बाळ मांडीवर झोपलेलं.

“अक्का, मधल्या बेटाचं त्यांना कसं ठाऊक...”

“हो,” त्या म्हणाल्या. “तेच होते.”

“मग का?”

“बस. ऐक.” त्या हळू बोलत होत्या, बाळ उठू नये म्हणून. “त्यांची क्रिया झाली म्हणून हा जगला. ते मेलेच नव्हते, तर हा कशाच्या जोरावर जगला? मामंजींनी उद्या तूप काढलं असतं. त्यांना न्हाऊ घातलं असतं, बारसं केलं असतं, नाव हेच ठेवलं असतं. एका घरात, एका नावाचे दोन जन्म. देव दोन्ही ठेवेल? एक परत नेईल. आणि नेताना तो रक्त ओकणारं माणूस नेत नाही गं, कुमुद. कोवळं नेतो. आपण दोनदा बघितलंय.”

“पण अक्का, तुम्ही बारा वर्षं...”

“बारा वर्षं मी त्यांना मागितलं. दिलं ना देवाने. बघितलं मी.” त्यांनी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. “बारीक झालेत फार. पुतळा खांद्याला बारीक करायला लावला होता, तरी रुंदच झाला होता म्हणायचा.”

मग त्यांना रडू फुटलं. आवाज नाही, नुसते खांदे. मी त्यांच्या मांडीवरून बाळ उचललं आणि पदराखाली घेतलं. आज माझ्या नातीला हे सांगितलं तर ती म्हणेल, काहीतरीच. त्या घटकेला मला अक्कांचा शब्द न् शब्द खरा वाटला होता. मी बाळाला घट्ट धरून बसले आणि घाटाकडे गेलेल्या त्या माणसाच्या मागे कुणी धावलं नाही.

सकाळी भागाजी नावाडी धावत आला. “भटजीबाबा, कुणी बैरागी मरून पडलाय. तुमच्या गवताच्या वाफ्यातच. मधी मोकळी जागा हाये ना, तिथं. हात सगळे चिखलानं भरलेत त्याचे. ठोंब लावत हुता की काय, देव जाणे. लावलेला दिसतोय एक.”

“वाफ्यात?” मामंजींनी विचारलं.

“व्हय.”

“मग तो वाफा संपला. प्रेत पडलेल्या जागेचा दर्भ चालत नाही.” ते उठून उभे राहिले. “लाकडं गोळा करा. मंत्र मी म्हणतो.”

“तुम्ही कशाला, बाबा? बेवारशी माणूस. आम्ही देतो पेटवून.”

“मला घेऊन चल,” मामंजी म्हणाले.

अक्का आतून कालच्या दर्भाची जुडी घेऊन आल्या आणि मामंजींच्या हातात दिली. त्यांचा चेहरा कोरा होता. भागाजीने मामंजींचा हात धरला आणि दोघे पायऱ्या उतरून गेले. आम्ही दोघी घरात. स्वैपाक करायचा की नाही, हे मी विचारलं नाही. अक्कांनीही चूल पेटवली नाही. बाळ मध्येच हसत होतं, आणि मला त्याचं हसू ऐकवत नव्हतं.

उन्हं चढल्यावर मामंजी परतले. अंगणात दगडावर बसले. मी कळशीने त्यांच्या अंगावर पाणी घालायला लागले. अक्का दारात उभ्या होत्या.

“ज्याचं गोत्र कुणाला ठाऊक नसतं,” पाणी अंगावरून निथळत असताना मामंजी म्हणाले, “त्याला काश्यप गोत्र लावतात.”

“तसंच लावलंत ना?” अक्कांनी विचारलं.

“नाही. भारद्वाज म्हटलं.”

भारद्वाज आमचं गोत्र. माझी कळशी हातातच राहिली.

“डोळे गेलेत माझे,” मामंजी म्हणाले. “कान शाबूत आहेत. काल दारात पहिला शब्द बोलला तेव्हाच कळलं.”

अक्कांचा हात चौकटीवर गेला. “मग मला का बघायला सांगितलंत?”

मामंजींनी तोंडावरचं पाणी हाताने पुसलं. मग म्हणाले, “नातू माझाही आहे. ‘हा तो नव्हे’ हे माझ्या तोंडाने म्हणवेना.”

अक्का अंगणात उतरल्या. माझ्या हातातली कळशी घेतली आणि नेसत्या लुगड्यानिशी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली. मग रिकामी कळशी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “अजून आण.”